डॅकच्या टोनशेजारी परत परत उगवणारी रेघ

लक्षण असं आहे. ट्रान्समीटरच्या बोर्डवर १४ बिटचा डॅक (डिजिटल आकड्यांपासून ॲनालॉग सिग्नल बनवणारी चिप), त्याला २४५७.६ मेगाहर्ट्झचा क्लॉक, म्हणजे १२२.८८ ची वीसपट. ३०० मेगाहर्ट्झच्या जवळपास एकच टोन काढला की स्पेक्ट्रम ॲनलायझरवर त्या टोनच्या डावीउजवीकडे, साधारण ६०० किलोहर्ट्झ अंतरावर, दोन बारीक रेघा उभ्या राहतात. आमच्या रेडिओत २५ किलोहर्ट्झचे अनेक चॅनेल शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे ही रेघ थेट दुसऱ्याच्या चॅनेलवर जाऊन पडते. मर्यादा −७५ डीबीसीची, म्हणजे रेघ टोनपेक्षा निदान ७५ डीबी खाली हवी. पहिल्या बॅचमधले बोर्ड −७८, −७९ वर पास झाले. दुसऱ्या बॅचमधले काही −७३ वर अडकले. ॲनालॉग सप्लायवर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाढवला, रेघ दोन-तीन डीबी खाली गेली, बोर्ड रवाना झाले. तिसऱ्या बॅचला टेस्ट बेंचवरून फोन आला: "सर, परत तीच रेघ."

एखादी अडचण तिसऱ्यांदा येते, तेव्हा पहिल्या दोन वेळा ती सुटलीच नव्हती असं धरून सुरुवात करावी. मी तसं केलं आणि दोन दिवसांत मूळ सापडलं. आधीचे दोन महिने मात्र कपॅसिटर बदलण्यात गेले होते. हाय-स्पीड डॅकवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही रेघ कधी ना कधी भेटते, म्हणून तपासाचा क्रम सविस्तर लिहितो.

सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी

रेघ कुठून येते हे तिच्याकडे नुसतं बघून कळत नाही. ती कशी हलते, यावरून कळतं. डॅकच्या बाबतीत आपल्या हातात तीन गोष्टी असतात: टोनची फ्रीक्वेन्सी, टोनची डिजिटल पातळी आणि क्लॉक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रेघ जागेवर राहते, सोबत चालते, उलटी धावते, वाढते की घटते, हे कागदावर लिहून ठेवायचं. मनात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आपणच आपल्याला पटेल ती गोष्ट रचतो.

त्याही आधी ॲनलायझर तपासा. त्याचा इनपुट ॲटेन्युएटर १० डीबीने वाढवा. टोन आणि रेघ यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं तर रेघ खरी आहे. ते बदललं तर रेघ ॲनलायझरच्या आतच तयार होते आहे. टोनजवळच्या रेघांसाठी एक चांगला सिग्नल जनरेटर त्याच फ्रीक्वेन्सीवर थेट ॲनलायझरला लावून पाहा; तिथेही तीच रेघ दिसली तर बोर्डचा काही दोष नाही.

दुसरं, टेस्ट टोनची निवड. आमच्या टेस्टच्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी ३०७.२ मेगाहर्ट्झ लिहिलेलं होतं, कारण तो क्लॉकचा बरोब्बर आठवा भाग आणि लक्षात ठेवायला सोपा. हीच सर्वांत वाईट निवड. असा टोन घेतला की त्याचे हार्मोनिक दुमडून एकमेकांवर किंवा टोनवरच येऊन बसतात. क्वांटायझेशनची चूक दर आठ सॅम्पलनी तशीच परत येते आणि ठरावीक जागी गोळा होते. आठाने भागलेल्या क्लॉकची गळती असेल तर ती टोनखालीच लपते. म्हणजे बोर्ड आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. क्लॉकशी सोपं गुणोत्तर नसलेली फ्रीक्वेन्सी घ्या, ३००.१३ सारखा आडनिडा आकडा चालेल.

तिसरं, एफपीजीए (डॅकला आकडे पुरवणारी, प्रोग्रॅम करता येणारी चिप) बाजूला काढा. बऱ्याच आधुनिक डॅकच्या आतच एनसीओ, म्हणजे आकड्यांतून टोन बनवणारा ऑसिलेटर, असतो. त्याला स्थिर आकडा देऊन टोन काढता येतो आणि सीरियल लिंक पूर्ण बंद ठेवता येते. तरीही रेघ तशीच राहिली तर एफपीजीएचा कोड, लिंक आणि डिजिटल फिल्टरमधला ओव्हरफ्लो हे सगळे एका फटक्यात यादीतून जातात. आमची रेघ तशीच राहिली. एफपीजीएच्या टीमवर महिनाभर जो संशय होता तो त्या दुपारी संपला, आणि तो आधीच संपवायला हवा होता.

टोन हलवा

आता मुख्य चाचणी. टोन १५०, ३०० आणि ६०० मेगाहर्ट्झच्या जवळपास ठेवून प्रत्येक वेळी टोनपासून रेघेचं अंतर आणि टोनच्या तुलनेत तिची उंची मोजली. अंतर तिन्ही वेळा तेच, ६१५ किलोहर्ट्झ. उंची मात्र −७७, −७१, −६५. टोनची फ्रीक्वेन्सी दुप्पट झाली की रेघ ६ डीबी वर.

हा आकडा दिसला की थांबा, कारण उत्तर इथेच आहे. क्लॉकची कड वेळेत किंचित पुढेमागे सरकत असेल तर त्या सरकण्याचा फेजवर होणारा परिणाम टोनच्या फ्रीक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो. तेवढ्याच पिकोसेकंदात ६०० मेगाहर्ट्झची लाट १५० च्या लाटेपेक्षा चौपट फेज पुढे जाते. याउलट सप्लायवरची चढउतार, म्हणजे रिपल, डॅकच्या फुल-स्केल करंटच्या रेफरन्समध्ये किंवा आउटपुट टप्प्याच्या सप्लायमध्ये शिरत असेल तर तो टोनची उंची हलवतो. तेव्हाही टोनच्या दोन्ही बाजूंना अशाच रेघा दिसतात, पण टोन कुठेही नेला तरी त्यांची उंची डीबीसीमध्ये जवळपास तेवढीच राहते. दोन्ही प्रकार स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात. फरक फक्त टोन हलवल्यावर कळतो. आम्ही दोन महिने टोन हलवलाच नव्हता.

(डॅकचा आउटपुट वरच्या फ्रीक्वेन्सीला साइनएक्स-बाय-एक्सच्या वक्राने खाली येतो आणि सॅम्पलिंगच्या निम्म्यावर ३.९ डीबी घट होते. पण टोन आणि त्याच्या शेजारची रेघ दोन्ही सारखीच खाली येतात, त्यामुळे डीबीसीच्या मोजणीत ही घट आडवी येत नाही.)

नंतर डिजिटल पातळी ६ डीबीने कमी केली. टोन ६ ने उतरला, रेघही ६ ने उतरली, डीबीसी तेवढंच. म्हणजे रेघ टोनवर स्वार आहे, बाजूने गळून आलेली नाही. गळती असती तर टोन उतरवल्यावरही रेघ आपल्या उंचीवर राहिली असती.

आता उलटं गणित. ३०० मेगाहर्ट्झवर −७१, क्लॉक २४५७.६, म्हणजे ८.१९ पट, म्हणजे १८.३ डीबी. क्लॉकवरच ही रेघ −५२.७ डीबीसीच्या आसपास असायला हवी. डॅकच्या क्लॉक पिनजवळ रेझिस्टरमधून एक छोटी कोॲक्स सोल्डर करून पाहिलं: −५३. डॅक निर्दोष होता. त्याला जे मिळत होतं तेच तो इमानदारीने पुढे देत होता.

−५३ डीबीसी म्हणजे वेळेच्या भाषेत किती? क्लॉकची कड जास्तीत जास्त ०.३ पिकोसेकंद इकडेतिकडे. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ०.१ मिलिमीटर जात नाही. ऑसिलोस्कोपवर हे दिसणार नाही, म्हणून "क्लॉक स्कोपवर पाहिला, छान आहे" या वाक्याला इथे काही अर्थ नाही. १ गिगाहर्ट्झच्या टोनसाठी १०० फेम्टोसेकंद आरएमएस जिटर (क्लॉकच्या कडेची वेळेतली अनियमित हालचाल) असेल तर सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर ६४ डीबीवरच अडतं, मग डॅक १४ बिटचा असो की १६ बिटचा. बिटांच्या हिशेबाने १४ बिटला ८६ डीबी मिळायला हवेत. वरचे २२ डीबी क्लॉक खातो.

क्लॉकच्या वाटेवर नेमकं कुठे

६ डीबीचा नियम एवढंच सांगतो की दोष क्लॉकच्या वाटेवर आहे. त्या वाटेवर ऑसिलेटर, पीएलएल (रेफरन्सशी फेज जुळवून क्लॉक बनवणारं सर्किट), डिव्हायडर, बफर असे अनेक जण उभे असतात, आणि पीएलएलचे स्वतःचे रेफरन्स स्परही (नको असलेल्या रेघा) याच नियमाने वागतात. कोण हे टोनपासूनच्या अंतरावरून कळतं. अंतर १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत असेल तर मेन्सचं रेक्टिफायर पाहा. ८ किलोहर्ट्झ असेल तर यूएसबी, कारण हाय-स्पीड यूएसबीची मायक्रोफ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची असते. अंतर पीएलएलच्या फेज डिटेक्टरच्या फ्रीक्वेन्सीएवढं असेल तर लूप फिल्टर. पंखा हाताने थांबवल्यावर रेघ गेली तर क्रिस्टल ऑसिलेटरला कंप पोचतो आहे. काहीशे किलोहर्ट्झ ते दोनेक मेगाहर्ट्झ असेल तर जवळजवळ नेहमी स्विचिंग रेग्युलेटर, म्हणजे सप्लाय वेगाने चालूबंद करून व्होल्टेज बनवणारा स्विचर.

आमच्या ३.३ व्होल्टच्या स्विचरची नाममात्र फ्रीक्वेन्सी ६०० किलोहर्ट्झ होती. संशय पक्का करायचा सोपा मार्ग म्हणजे स्विचरची फ्रीक्वेन्सी ठरवणारा रेझिस्टर थोडा बदलायचा. ६१५ वरची रेघ ६६० वर गेली. आता शंका उरली नाही. पण रेघ हलली तेव्हा आणखी एक गोष्ट घडली, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटली: ती ३ डीबीपेक्षा जास्त खाली गेली. फ्रीक्वेन्सी ७ टक्के सरकली तर रिपल एवढा बदलत नाही. मध्ये कुठेतरी एक रेझोनन्स बसला आहे, हे त्या उतरण्यातून कळलं.

स्कीमॅटिक उघडलं. डॅकच्या ॲनालॉग रेलवर (सप्लायच्या वाटेवर) कमी-नॉइजचा एलडीओ (लिनियर रेग्युलेटर), नीट मांडलेले कपॅसिटर, सगळं काळजीपूर्वक. क्लॉक बफरला मात्र स्विचरचे ३.३ व्होल्ट थेट, मध्ये एक फेराइट बीड (वरच्या फ्रीक्वेन्सी अडवायला लावतात तो छोटा भाग) आणि पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरड. बफरच्या सप्लायला स्कीमॅटिकवर जे नाव दिलं होतं त्यात 'डिजिटल' हा शब्द होता.

हे खूप ठिकाणी होतं, म्हणून स्पष्ट लिहितो. क्लॉक शून्य आणि एक यांच्यात उड्या मारतो म्हणून तो डिजिटल वाटतो. डॅकच्या दृष्टीने क्लॉक हा बोर्डवरचा सर्वांत नाजूक ॲनालॉग सिग्नल आहे. त्याची कड जिथे थ्रेशोल्ड ओलांडते तो क्षण थेट तुमच्या आउटपुटमध्ये उतरतो, आणि बफरच्या सप्लायचा रिपल तो क्षण हलवतो.

आता बीड. डेटाशीटवर '१०० मेगाहर्ट्झला ६०० ओहम' असं लिहिलेलं असतं आणि आपण ते फिल्टर म्हणून लावून मोकळे होतो. पण ६०० किलोहर्ट्झला बीड रेझिस्टर नसतो, तो बहुतांशी इंडक्टर असतो. आमच्या बीडचा इंडक्टन्स त्या फ्रीक्वेन्सीला ०.७ मायक्रोहेन्रीच्या आसपास. त्याला ०.१ मायक्रोफॅरड जोडला की रेझोनन्स येतो ६०१ किलोहर्ट्झवर. स्विचर ६०० चा. लूपमधला एकूण रेझिस्टन्स साधारण अर्धा ओहम आणि एल-सीचा स्वाभाविक इम्पीडन्स २.६ ओहम, म्हणजे क्यू (रेझोनन्सचं शिखर किती टोकदार, त्याचं माप) पाचच्या जवळ. जो बीड रिपल अडवायला लावला होता तो त्याला पाचपट, १४ डीबीने, मोठा करून बफरला देत होता.

आणि बॅचगणिक फरक का पडत होता, हेही इथेच उलगडतं. क्यू पाच असलेलं शिखर साधारण १० टक्के इकडे आणि १० टक्के तिकडे एवढंच रुंद असतं. स्विचरच्या फ्रीक्वेन्सीचा टॉलरन्स तेवढा सहज असतो. कपॅसिटर आणि बीडचा आणखी वेगळा. स्विचर शिखरापासून २० टक्के वर सरकला तर तीच १४ डीबीची वाढ ६ वर येते. तेवढ्या ८ डीबीत −७१ चा बोर्ड −७९ चा होतो. पहिली बॅच चांगल्या डिझाइनमुळे पास झाली नव्हती. त्या बोर्डांवर स्विचर शिखरापासून दूर पडला होता इतकंच. ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने दोन-तीन डीबी का मिळाले? ॲनालॉग आणि बफरची रेल एकाच स्विचरवरून निघत होती, त्यामुळे मुळातला रिपल थोडा बसला. बफरकडे जाणारी वाट तशीच उघडी राहिली.

दुरुस्ती

तयार बोर्डांवर बफरच्या पिनजवळ २२ मायक्रोफॅरडचा ०८०५ आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर वाढवला. २२ का? सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची किंमत घटते, ३.३ व्होल्टवर निम्म्याच्या आसपास उरेल असं धरून हिशेब १० मायक्रोफॅरडचा केला. छोट्या आकाराच्या कमी व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये ही घट आणखी जास्त असते, म्हणून उत्पादकाचा डीसी बायसचा आलेख पाहिल्याशिवाय किंमत लिहू नका. १० मायक्रोफॅरडने रेझोनन्स ६० किलोहर्ट्झवर उतरतो आणि ६०० किलोहर्ट्झला बीड आता खरोखर अडवतो, कागदावर ४० डीबी.

६० किलोहर्ट्झला नवीन शिखर येणार नाही का? येतं, पण आता एल-सीचा इम्पीडन्स ०.२६ ओहम आहे आणि बीडचा स्वतःचा डीसी रेझिस्टन्स ०.२, त्यामुळे ते शिखर बसकंच राहतं. तुमच्या बीडचा रेझिस्टन्स ०.०५ ओहम असेल तर असं होणार नाही. तेव्हा सिरॅमिकला समांतर ०.३ ओहम ईएसआरचा (आतल्या रेझिस्टन्सचा) मोठा टँटॅलम लावा, तो दोलन शोषून घेतो. आणि स्विचर हलक्या लोडवर पल्स सोडून देणाऱ्या मोडमध्ये जात असेल तर त्याची फ्रीक्वेन्सी लोडबरोबर खाली घसरते आणि नेमकी त्या ६० किलोहर्ट्झवर येऊ शकते. क्लॉकच्या रेलला वीज देणारा स्विचर कायम पीडब्ल्यूएम (स्थिर फ्रीक्वेन्सीच्या) मोडमध्येच बांधून ठेवा.

मोजलं: ३०० मेगाहर्ट्झच्या टोनला −९५ डीबीसीपर्यंत तरी काही दिसेना, पुढे नॉइज. ६०० च्या टोनलाही तसंच. मग ॲनालॉग रेलवरचा तो ४७ चा कपॅसिटर काढला आणि परत मोजलं. काहीच बदललं नाही. चुकीचं मलम अंगावर तसंच ठेवलं तर पुढच्या माणसाला ते औषध वाटतं, म्हणून ते बीओएममधून, म्हणजे भागांच्या यादीतून, खोडलं.

पुढच्या लेआउटमध्ये क्लॉक बफरला स्वतंत्र एलडीओ दिला. इथे एक सावधगिरी. एलडीओच्या डेटाशीटच्या पहिल्या पानावर पीएसआरआरचा (सप्लायचा रिपल किती अडवतो त्याचा) जो मोठा आकडा असतो तो बहुधा १ किलोहर्ट्झचा असतो. ६०० किलोहर्ट्झला तोच एलडीओ त्यापेक्षा खूप कमी अडवतो, आणि इनपुट-आउटपुटमध्ये व्होल्टेजचं अंतर कमी ठेवलं तर आणखी कमी. आतल्या पानावरचा आलेख तुमच्या स्विचरच्या फ्रीक्वेन्सीवर, तुमच्या लोडवर वाचायचा.

रेघ वेगळी वागत असेल तर

टोन १ मेगाहर्ट्झ वर नेला आणि रेघ २ मेगाहर्ट्झ खाली आली, तर तो दुमडलेला दुसरा हार्मोनिक. याच क्लॉकवर ९०० चा टोन घ्या: दुसरा हार्मोनिक १८०० ऐवजी ६५७.६ वर दिसेल आणि तिसरा २४२.४ वर. दुसरा हार्मोनिक वर असेल तर डॅकच्या दोन आउटपुटमधला असमतोल पाहा: बॅलन (दोन आउटपुट एकत्र करणारा ट्रान्सफॉर्मर), ट्रॅकची लांबी, टर्मिनेशनचे रेझिस्टर. क्लॉकच्या दोन्ही कडांवर सॅम्पल देणाऱ्या डॅकमध्ये टोन जितका वर तितकीच खाली धावणारी एक रेघ येते, क्लॉक वजा टोन इथे. ती क्लॉकचा ड्यूटी सायकल ५० टक्के नसल्याची खूण. क्लॉकच्या चौथ्या किंवा आठव्या भागावर, इथे ६१४.४ किंवा ३०७.२ वर, टोन हलवूनही आणि पातळी बदलूनही ढिम्म राहणारी रेघ म्हणजे आतल्या भागलेल्या क्लॉकची गळती. सप्लाय आणि ग्राउंडची वाट तपासा, ती टोनवर स्वार नाही.

एनसीओ वापरताना फ्रीक्वेन्सी शब्दाचा एखादाच बिट बदलल्यावर रेघ भलतीकडे उडी मारत असेल तर तो फेजचे बिट कापल्याचा परिणाम. दर बिटमागे साधारण ६ डीबी असा हिशेब मांडा आणि आकडा जुळतो का बघा.

नव्या बोर्डवर मी आता काय करतो

बोर्ड पहिल्यांदा चालू झाला की रेघ दिसायची वाट न बघता प्रत्येक रेलमध्ये मुद्दाम एक छोटा सिग्नल सोडतो. जनरेटरमधून, कपॅसिटरच्या वाटेने, बोर्डवरच्या कुठल्याही स्विचरशी न जुळणारी फ्रीक्वेन्सी, समजा ४५० किलोहर्ट्झ. रेलच्या पिनवर तो बरोबर १० मिलिव्होल्ट मोजला गेला पाहिजे. मग टोनच्या शेजारी ४५० वर किती उंच रेघ उठते ते लिहायचं. डॅकची ॲनालॉग रेल, डॅकची क्लॉक रेल, पीएलएलचा व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रीक्वेन्सी ठरणारा ऑसिलेटर), बफर, डिव्हायडर, एकेक करून. तासाभरात कोणती रेल किती हळवी आहे याचा तक्ता तयार होतो. प्रत्येक रेलवर किती मिलिव्होल्ट रिपल चालेल हे मर्यादेवरून मागे येत सांगता येतं. आमच्या या बोर्डवर बफरची रेल यादीत सर्वांत वर आली, डॅकच्या ॲनालॉग रेलच्या बरीच पुढे, आणि एलडीओ होता तो नेमका दुसरीकडे.

ही मोजणी दोनदा करावी, एकदा थंड बोर्डवर आणि एकदा बंद पेटीत तासभर तापलेल्या बोर्डवर. दोन्ही वेळा टोन दोन फ्रीक्वेन्सींवर घ्या, एक दुसरीच्या दुपटीजवळची, म्हणजे ६ डीबीचा फरक पडतो का हे त्याच कागदावर दिसेल.